कोरड्या डोळ्यांचें शरीराशीं नातें

डोळ्यांतील पाण्याची आठवण आपणांस बहुधा दुःखाच्या किंवा आनंदाच्या प्रसंगींच होते. गालांवरून जे ओघळतात त्यांनाच आपण अश्रु म्हणतों, आणि ते ओघळले नाहींत म्हणजे डोळे कोरडे आहेत असें समजतों. वस्तुतः जागेपणाच्या प्रत्येक क्षणीं आपल्या डोळ्यांवर पाण्याचा एक अत्यंत पातळ थर पसरलेला असतो. तो इतका पातळ असतो कीं, केंसाच्या जाडीचा दहावा भाग घेतला तरी तो त्याहून जाड भरेल. हा थर अखंड आहे तोंवर त्याची जाणीवहि आपणांस होत नाहीं. तो जागोजाग तुटूं लागला म्हणजे मात्र डोळे चुरचुरतात, वाळूचा कण गेल्याप्रमाणें खुपतात, लाल होतात, आणि वाचतांना अक्षरें पुसट होऊन पापणी लवल्यावर पुनः क्षणभर स्पष्ट दिसतात. या विकारास कोरड्या डोळ्यांचा विकार असें म्हणतात.

आपल्या घरांतून हा विकार अगदीं किरकोळ समजला जातो. ‘उन्हांत फिरल्यामुळें झालें असेल’, ‘चुलीच्या धुरानें झालें असेल’, ‘जागरण झालें असेल’ असें म्हणून आपण तो विषय सोडून देतों, आणि पुष्कळदां हा तर्क खराहि असतो. परंतु कांहीं वेळां डोळ्यांचा कोरडेपणा डोळ्यांपुरता नसतो. सांधे, लाळेच्या ग्रंथि, रक्तांतील साखर, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि, चेहऱ्याचे मज्जातंतु, किंवा ताटांतील अन्न यांपैकीं कोठें तरी उत्पन्न झालेल्या बिघाडाची ती पहिली वर्दी असते. ती ओळखली तर मोठें दुखणें लवकर सांपडतें. न ओळखली तर वर्षें फुकट जातात. हा संबंध कसा जडतो, तो कोणीं उघडकीस आणला, आणि त्यावरून आपण काय ध्यानांत ठेवावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या पातळ थराची रचना पाहूं. भुंवईच्या बाहेरच्या टोकाखालीं, डोळ्याच्या खोबणींत, बदामाच्या आकाराची एक ग्रंथि असते. तीस अश्रुग्रंथि म्हणतात. डोळ्यावरील पाण्याचा मोठा भाग हिच्यापासून येतो. परंतु नुसतें पाणी डोळ्यावर टिकणार नाहीं. तेलकट ताटावर पाणी ओतलें तर त्याचे सुटे थेंब होतात. तेंच ताट राखेनें घासून घेतलें म्हणजे पाणी त्यावर सारखें पसरतें. डोळ्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म पेशी एक प्रकारचा चिकट द्रव तयार करतात, आणि त्याच्या योगानें पाणी डोळ्यावर असें सारखें पसरून राहतें. तिसरा घटक तेलाचा. पापण्यांच्या कडेस, केंसांच्या आंतल्या बाजूस, बारीक छिद्रांची एक रांग असते. हीं तैलग्रंथींचीं तोंडें होत. वरच्या पापणींत अशा ग्रंथि २५ ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० असतात. हाइनरिख माइबोम नांवाच्या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस माइबोमच्या ग्रंथि असें नांव मिळालें. त्यांतून पाझरणाऱ्या स्निग्ध द्रवाचा तवंग पाण्यावर पसरतो व पाणी हवेंत उडून जाऊं देत नाहीं.

हे तीन घटक एकत्र करून पसरण्याचें काम पापण्यांकडे आहे. जमीन सारवणारी बाई जसा हात फिरवीत जाते, तशी पापणी मिनिटांत सुमारे पंधरा वेळां डोळ्यावरून फिरते. या सर्व व्यवस्थेवर देखरेख करतात ते बुबुळावरील पारदर्शक पडद्यांतले, म्हणजे कॉर्नियांतले, मज्जातंतु. डोळा किंचित् कोरडा होतांच ते मेंदूस खबर देतात, आणि मेंदूकडून अश्रुग्रंथीस व पापणीस हुकूम सुटतो.

याच मज्जातंतूंमुळें एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्याचे डोळे कोरडे, त्याच्या डोळ्यांतून पुष्कळदां पाणी वाहतें! तेलाचा तवंग अपुरा असला म्हणजे पाणी लवकर उडून जातें, डोळा चुरचुरतो, आणि मेंदू घाबरून एकदम पुष्कळ पाणी सोडतो. तें टिकत नाहीं. गालावर ओघळून जातें व डोळा पुनः कोरडा पडतो. म्हणून ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतें, मग ते कोरडे कसे?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्यावरून निष्कर्ष काढूं नये.

एवढें समजलें म्हणजे पुढचा भाग सोपा आहे. पाणी देणारी ग्रंथि, तेल देणाऱ्या ग्रंथि, पृष्ठभागावरील पेशी, खबर देणारे मज्जातंतु आणि मिटणारी पापणी या पांचांपैकीं कोणाच्याहि कामांत खंड पडला तरी डोळा कोरडा होतो. आणि या पांचांवर आघात करणारे रोग मात्र बहुधा शरीराच्या अन्य भागांत जन्म घेतात.

पहिलें उदाहरण अश्रुग्रंथीचें. ओट्टो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्यानें १९०३ सालीं अश्रु मोजण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. टीपकागदासारख्या कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणींत अडकवावयाची आणि पांच मिनिटांत ती किती भिजते हें पाहावयाचें. ती ५ मिलिमीटर किंवा त्याहूनहि कमी भिजली तर अश्रु फार कमी आहेत असें आजहि मानतात. या रीतीनें कोरडा डोळा मोजतां येऊं लागला, परंतु तो कां कोरडा झाला हें कळलें नव्हतें.

त्या प्रश्नाकडे स्वीडन देशांतील हेन्रिक शोग्रेन (१८९९–१९८६) या नेत्रवैद्याचें लक्ष गेलें. डोळे कोरडे पडलेल्या स्त्रिया त्याच्याकडे येत, तेव्हां त्यानें केवळ त्यांचे डोळे तपासले नाहींत. त्यांच्या तोंडाची व सांध्यांचीहि चौकशी केली. १९३३ सालीं स्टॉकहोम येथें सादर केलेल्या प्रबंधांत त्यानें अशा १९ स्त्रियांची हकीकत दिली. त्यांपैकीं १३ जणींस जुनाट संधिवात होता. डोळे, तोंड व सांधे हे तीन निरनिराळे रोग नसून एकाच व्याधीचीं हीं अंगें आहेत, असें त्याचें म्हणणें होतें. त्या वेळीं त्याच्या प्रबंधाचा फारसा गौरव झाला नाहीं. पुढें १९४३ सालीं ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्यानें त्याचें इंग्रजींत भाषांतर केलें, आणि मग त्या रोगास शोग्रेनचेंच नांव पडलें.

या रोगाचें स्वरूप आतां बरेंच स्पष्ट झालें आहे. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशीं लढण्यासाठीं आपल्या रक्तांत पांढऱ्या पेशींची फौज असते. या रोगांत ती फौज शत्रु व आप्त यांतील भेद विसरते आणि अश्रुग्रंथि व लाळग्रंथि यांवरच चाल करून जाते. डोळ्यांतील पाणी आटतें, तोंडास कोरड पडते, भाकरीचा घांस पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाहीं, दांत झपाट्यानें किडूं लागतात, सांधे दुखतात आणि सदैव थकवा वाटतो. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि रोग बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास उघड होतो. कांहींजणींत फुप्फुसें, मूत्रपिंडें व मज्जातंतु यांसहि बाधा पोंचते, आणि थोड्या रुग्णांत पुढें लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो. म्हणून या रोगावर डॉक्टरांची नजर असणें अवश्य आहे. आमवातासारखा सांध्यांचा रोग किंवा ल्यूपस नांवाचा रोग ज्यांस आहे त्यांच्याहि डोळ्यांस असाच कोरडेपणा येऊं शकतो.

प्रस्तुत लेखकाच्या नात्यांतील एका बाईंची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांचीं बोटें सकाळीं ताठरत, म्हणून त्या हाडांच्या डॉक्टरांकडे जात. दांत एकामागून एक किडत, म्हणून दांतांच्या डॉक्टरांकडे जात. डोळे चुरचुरत, त्यासाठीं मात्र कोणाकडेच जात नसत. औषधांच्या दुकानांतून थेंबांची कुपी आणीत. असें दोन वर्षें चाललें. शेवटीं दांतांच्या डॉक्टरांनींच एके दिवशीं विचारलें, ‘बाई, तोंडास कोरड पडते काय? आणि डोळ्यांस?’ त्या दोन प्रश्नांनीं तिन्ही धागे एकत्र आले. रक्ताची तपासणी व ओठाच्या आंतील लहानशा तुकड्याची परीक्षा होऊन निदान ठरलें. आज त्या औषधोपचारानें घरचें सर्व काम करतात. दोन वर्षें त्यांनीं कोणतीहि गोष्ट लपविली नव्हती. मात्र प्रत्येक ठिकाणीं त्यांनीं एकच तक्रार सांगितली होती.

दुसरें उदाहरण मज्जातंतूंचें. मधुमेह हा रोग आपल्या शहरांतच नव्हे तर खेड्यांतहि आतां परिचयाचा झाला आहे. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे बारीक मज्जातंतु दुबळे होतात. पायांस मुंग्या येणें किंवा पाय बधिर होणें हें लक्षण अनेकांस ठाऊक असतें. पण तशीच बधिरता डोळ्याच्या पारदर्शक पडद्यासहि येते, हें फार थोड्यांस माहीत असतें. मग कोरडेपणाची खबर मेंदूस जात नाहीं, अश्रूंचा हुकूम सुटत नाहीं, आणि डोळा कोरडा असूनहि रुग्णास तितकें खुपत नाहीं. अशा डोळ्यावरील ओरखडे लवकर भरत नाहींत. म्हणून मधुमेही मनुष्यानें डोळा दुखत नाहीं यावर विसंबून न राहतां वर्षांतून एकदां तरी डोळे तपासून घ्यावेत. त्या तपासणींत डोळ्याच्या आंतील पडद्याचीहि परीक्षा होते, हा त्यांतला मोठाच लाभ होय.

तिसरें उदाहरण पापणीचें. थायरॉईड ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करूं लागली म्हणजे कांहीं रुग्णांचे डोळे पुढें येतात आणि वरची पापणी मागें ओढली जाते. डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यानें १८३५ सालीं या रोगाचें वर्णन केलें. डोळ्याचा अधिक भाग उघडा राहिला कीं, रुंद तोंडाच्या परातींतलें पाणी जसें लवकर आटतें तसें अश्रूंचें होतें. चेहऱ्याच्या एका बाजूचा मज्जातंतु लुळा पडला तर त्या बाजूची पापणी पूर्ण मिटत नाहीं, आणि झोंपेंतहि डोळा उघडा राहून वाळतो. कुष्ठरोगांतहि असें घडतें. शिवाय त्यांत डोळ्याची संवेदनाहि जाते, म्हणून धोका दुहेरी. हा रोग औषधांनीं पूर्ण बरा होतो, परंतु उपचार उशीरा सुरू झाल्यास डोळ्याचें झालेलें नुकसान भरून येत नाहीं. कंपवातांत पापणी मिटते खरी, पण फार विरळ मिटते. घरांतील वृद्ध आजोबा टक लावून पाहत बसतात असें मुलांस वाटतें. कदाचित् त्यांची पापणीच लवत नसेल.

चौथें उदाहरण तैलग्रंथींचें. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत तेलाची उणीव असलेले रुग्ण फार मोठ्या संख्येनें आढळतात. या ग्रंथींचीं तोंडें बुजलीं, तेल घट्ट झालें, म्हणजे पापण्यांच्या कडा सुजतात, सकाळीं पापण्या चिकटतात आणि वरचेवर रांजणवाडी येते. चेहऱ्याच्या त्वचेचा रोझेशिया नांवाचा लाली आणणारा विकार ज्यांस असतो त्यांच्या पापण्यांस हा त्रास विशेष होतो. वाढत्या वयाबरोबर या ग्रंथि मंदावतात. स्त्रियांची मासिक पाळी थांबण्याच्या वयांत शरीरांतील अंतःस्रावांचें प्रमाण बदलतें, त्याचाहि परिणाम अश्रूंवर होतो. त्या वयांतील मातांनीं डोळ्यांची तक्रार केली तर ती नुसती कुरकुर समजूं नये.

पांचवें उदाहरण डोळ्याच्या पृष्ठभागाचें, आणि तें लहान मुलांशीं निगडित असल्यामुळें त्याचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. ‘अ’ जीवनसत्त्व पोटांत पुरेसें न गेल्यास डोळ्यावरील चिकट द्रव तयार करणाऱ्या पेशी नाहींशा होतात व डोळ्याचा ओला पडदा कातडीसारखा कोरडा व निस्तेज बनतो. आधीं मुलास सांजवेळीं दिसेनासें होतें. त्यास आपण रातांधळेपणा म्हणतों. पुढें डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेंसासारखा डाग दिसतो. फ्रान्समधील बितो या वैद्यानें १८६३ सालीं त्याचें वर्णन केलें. त्यानंतरहि दुर्लक्ष झालें तर बुबुळावर फूल पडतें आणि दृष्टि कायमची जाते.

याचा शरीराशीं संबंध किती खोल आहे हें दोन देशांच्या अनुभवावरून दिसून आलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत डेन्मार्कमधील लोणी मोठ्या प्रमाणांत परदेशीं विकलें जात असे, आणि गरिबांच्या मुलांस साय काढलेलें दूध मिळत असे. अशा अनेक मुलांचे डोळे कोरडे पडून गेले. कोपनहेगनचे बालवैद्य कार्ल ब्लॉख यांनीं त्यांचा अभ्यास केला. पुढें निर्यात थांबून लोणी देशांतच वांटलें जाऊं लागलें, तेव्हां १९१८ सालीं हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. दुसरा अनुभव इंडोनेशियांतला. अमेरिकन नेत्रवैद्य आल्फ्रेड सॉमर यांनीं तेथील खेड्यांतील मुलांची दीर्घकाळ पाहणी केली आणि १९८३ सालीं असें दाखवून दिलें कीं, ज्या मुलांस रातांधळेपणा किंवा डोळ्यांवर तसे डाग होते, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण इतर मुलांच्या सुमारें चौपट होतें. तीं मुलें डोळ्यांच्या रोगानें मरत नव्हतीं. अतिसार, गोवर, श्वासाचे रोग यांनीं मरत होतीं. ज्या उणिवेनें डोळा कोरडा केला होता तिनेंच आंतड्याचें व फुप्फुसाचें अस्तरहि दुबळें केलें होतें. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणींत, ज्या खेड्यांत मुलांस या जीवनसत्त्वाच्या मात्रा दिल्या, तेथें बालमृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें घटलेले आढळले.

आपल्या देशांत १९७० सालापासून लहान मुलांस ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याची सरकारी योजना चालू आहे. घरांतील ताटाचें महत्त्व मात्र तेवढ्यानें संपत नाहीं. दूध, लोणी, अंडें, मासे यांत हें जीवनसत्त्व तयार असतें. माठ, मेथी, पालक, शेवग्याचा पाला, गाजर, तांबडा भोपळा, पपई व पिकलेला आंबा यांपासून शरीर तें बनवूं शकतें. भाजींत थोडें तेल किंवा तूप असावें, कारण स्निग्ध पदार्थाविना तें अंगीं लागत नाहीं. ज्यांस असें अन्न रोज मिळतें त्यांनीं मात्र डोळ्यांसाठीं म्हणून आपल्या मनानें याच्या गोळ्या घेऊं नयेत; हें जीवनसत्त्व शरीरांत सांठत जातें व अति झाल्यास अपाय करतें.

रोगांप्रमाणें रोगांवरील औषधेंहि डोळे कोरडे करूं शकतात. सर्दी व खाज यांवरील कांहीं गोळ्या, मनाच्या उदासीनतेवरील कांहीं औषधें, लघवी वाढविणारीं औषधें, आणि तारुण्यपीटिकांवर देण्यांत येणारें आयसोट्रेटिनोइन हें औषध यांचा त्यांत समावेश होतो. काचबिंदूसाठीं वर्षानुवर्षें घालावे लागणारे थेंबहि, विशेषतः त्यांतील टिकाऊपणासाठीं घातलेल्या द्रव्यामुळें, डोळ्याचा पृष्ठभाग दुखवितात. परंतु यावरून कोणीं आपलें औषध एकाएकीं बंद करूं नये. काचबिंदूचे थेंब थांबविल्यास चुरचुर जाईल, पण दृष्टिहि जाईल. औषध बदलणें शक्य आहे कीं नाहीं हें तें देणाऱ्या डॉक्टरांसच विचारावें.

औषधाची एक प्रतिक्रिया विरळा परंतु भयंकर आहे. अमेरिकेंतील स्टीव्हन्स व जॉन्सन या दोन वैद्यांनीं १९२२ सालीं दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांस ताप येऊन अंगावर पुरळ उठलें होतें व तोंड आणि डोळे यांच्या अस्तरास तीव्र दाह झाला होता. हा रोग आज बहुतेक वेळां एखाद्या औषधामुळें होतो असें आढळतें. सल्फा जातीचीं कांहीं औषधें व फेफऱ्यावरील कांहीं औषधें त्यांत मुख्य होत. रुग्ण वांचला तरी डोळे आजन्म कोरडे राहूं शकतात. म्हणून नवें औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडांत फोड व डोळ्यांस लाली अशीं लक्षणें एकत्र दिसलीं तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें, आणि ज्या औषधानें एकदां असें झालें त्याचें नांव कागदावर लिहून कायम जवळ बाळगावें.

इतकें वाचून एखाद्या विद्यार्थ्यास भीति वाटेल कीं, आपले डोळे चुरचुरतात त्या अर्थीं आपणांस यांपैकीं एखादा रोग जडला आहे. तसें समजण्याचें मुळींच कारण नाहीं. पुस्तक वाचतांना, संगणकाकडे किंवा मोबाईल फोनकडे पाहतांना पापण्यांची उघडझांप निम्म्याहूनहि कमी होते, आणि पुष्कळदां ती अर्धवटच होते. तरुण वयांतील चुरचुरीचें हें अगदीं साधें कारण आहे. पंख्याचा झोत, वातानुकूलित खोली, धूळ, धूर, अपुरी झोंप, डोळ्यांत बसविण्याच्या भिंगांचा अतिवापर हींहि अशींच कारणें होत. थोड्या थोड्या वेळानें दूरवर पाहावें, पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात, पडदा डोळ्यांच्या पातळीहून किंचित् खालीं ठेवावा. एवढ्यानें अनेकांस बरें वाटतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. कोरडे डोळे असणाऱ्यांत चिंता व उदासीनता अधिक आढळते हें खरें. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारणच असते असें नव्हे. सतत खुपणाऱ्या डोळ्यांनीं मन खचतें, आणि खचलेल्या मनास खुपणें अधिक जाणवतें. शिवाय मनाच्या औषधांनींहि डोळे कोरडे होतात. येथें कारण व कार्य यांची गुंतागुंत आहे.

मग चौकशी केव्हां करावी? डोळ्यांची तक्रार कित्येक आठवडे टिकून राहिली आणि तिच्या जोडीला पुढीलपैकीं एखादें लक्षण असलें तर स्वस्थ बसूं नये: तोंडास सतत कोरड, सकाळीं सांधे ताठरणें, कारणावांचून वजन घटणें किंवा वाढणें, छातींत धडधड, पायांस बधिरता, वारंवार लघवी व तहान, चेहऱ्यावर कायमची लाली, सांजवेळीं न दिसणें, झोंपेंत डोळा उघडा राहणें. डॉक्टरांकडे जातांना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. डोळ्यांच्या डॉक्टरांस सांधेदुखी सांगावयास संकोचूं नये, आणि सांध्यांच्या डॉक्टरांस डोळ्यांची चुरचुर सांगावयास विसरूं नये. डोळा एकाएकीं फार दुखूं लागला, उजेड सोसेनासा झाला, दृष्टि कमी झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर मात्र त्याच दिवशीं तपासणी झाली पाहिजे.

घरगुती उपायांपैकीं स्वच्छ फडकें कोमट पाण्यांत पिळून मिटलेल्या पापण्यांवर कांहीं मिनिटें ठेवणें हा निर्धोक उपाय आहे. त्यानें घट्ट झालेलें तेल सैल होतें. मध, दूध, गुलाबपाणी, कांद्याचा रस असलें कांहींहि डोळ्यांत घालूं नये. दुकानदारानें दिलेले लाली घालविणारे थेंब तर कटाक्षानें टाळावे. त्यांतील कांहीं थेंबांत स्टेरॉइड जातीचें औषध असतें. त्यानें दोन दिवसांत डोळा स्वच्छ दिसतो, म्हणून लोक त्याची वाखाणणी करतात; परंतु देखरेखीवांचून तें महिनोन् महिने घातल्यास काचबिंदु व मोतीबिंदु होण्याची भीति असते. शिवाय लाली नाहींशी झाल्यामुळें मूळ रोगाची वर्दी देणारी खूणहि पुसली जाते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं आई, आजी, काकू किंवा मावशी यांच्यापैकीं कोणीतरी पदरानें वरचेवर डोळे टिपीत असेल. सर्वांचें जेवणखाण, औषधपाणी पाहतां पाहतां स्वतःच्या तक्रारीसाठीं दवाखान्यांत जाण्यास अशा बाईस सवडहि नसते व मनहि होत नाहीं. तिला नुसतें ‘डोळे कां चोळतेस?’ असें विचारूं नका. ‘तोंडास कोरड पडते का? सांधे दुखतात का? रात्रीं दिसतें का? कोणतीं औषधें घेतेस?’ असें एकेक विचारा, तिचीं उत्तरें एका कागदावर लिहून काढा, आणि तो कागद घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यांत जा. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मूल सांजवेळीं ठेंचाळूं लागलें किंवा वाचतांना सारखे डोळे चोळूं लागलें तर त्यास अभ्यासाचा कंटाळा आला आहे असें ठरविण्यापूर्वीं त्याचे डोळे एकदां दाखवून आणावेत.